आज आवतन घ्या: पोळ्याचे चार दिवस नागपुरात, फाशांची पिशवी घेऊन

गेली सहा वर्षं मी दर शनिवारी रात्री चार-पाच जणांना घेऊन डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळवते. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो बाहेर आणला. त्यात ठरलेला पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकतात. गोष्ट सांगणारी ती मी.

या सहा वर्षांत माझ्या प्रत्येक गावात एकच सराई होती. बुटक्या लाकडी तुळया, भिंतीत शेकोटी, फडक्यानं पेला पुसणारा जाडा मालक. आमच्यापैकी कुणीही अशा जागी कधी पाऊल ठेवलेलं नाही. ती सराई आम्ही पुस्तकांतून आणि चित्रांतून उचलली आणि वापरून वापरून गुळगुळीत केली. जूनमध्ये एका सेशनला पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, पावसात भिजत एका गावात पोचली आणि आमच्यातल्या नागपूरकर भाऊंनी विचारलं, "ताई, या गावात पाऊस पडला का वास कायचा येते?" मला उत्तर सुचलं नाही. मातीचा, असं म्हटलं आणि पुढे गेले. सेशन संपल्यावर भाऊ म्हणाले, "पोळ्याले या ना इकडं. वास बी दाखवतो अन् गाव बी."

तिकीट काढलं. निघण्यापूर्वी एका वहीत तीन रकाने आखले. पहिला: डोळ्यांनी दिसायच्या आधी काय जाणवलं. दुसरा: समोरच्या माणसाला माझ्याकडून काय हवं होतं. तिसरा: मला कशानं अडवलं. देवळांची आणि किल्ल्यांची वर्णनं कुठेही वाचायला मिळतात. टेबलावर बसल्यावर मला कमी पडतात त्या या तीन गोष्टी.

पहिला दिवस: तर्री, मैलाचा दगड आणि बैलाचा कान

रात्रीची गाडी सकाळी वेळेवर पोचली. भाऊ स्टेशनवर स्कूटर घेऊन उभे होते. घरी जायच्या आधी त्यांनी थेट तर्री पोह्यांच्या गाडीपाशी नेलं. पहिल्या रकान्यात मी लिहिलं: कढईच्या आधी ठसका. गाडी दिसायच्या आधीच घशात तिखट वाफ गेली होती. पुण्याचे पोहे मऊ, ओलसर, खोबरं-कोथिंबीर भुरभुरलेले. हे पोहे मोकळे, आणि त्यावर काळ्या चण्यांची लाल तर्री डावानं अशी ओततात की पोहे खाली बुडून जातात. वर कच्चा कांदा, लिंबू. कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात, त्यामुळे "सांबार टाकू का?" या प्रश्नावर मी इडलीचं सांबार समजून नको म्हणाले आणि भाऊंनी ते दुरुस्त केलं.

गाडीवाल्याला माझ्याकडून काय हवं होतं? मी माझी पाठीवरची सॅक पुढे घ्यावी, कारण मागच्या माणसाला प्लेट देताना ती आड येत होती. बस, तेवढंच. पण त्या एका वाक्यानं माझ्या लक्षात आलं की माझ्या खेळातली दुकानदार मंडळी हातातलं काम सोडून पार्टीची वाट बघत उभी असतात, जणू माहिती द्यायलाच जन्मली आहेत. खरा माणूस कामात असतो. त्याला तुमची सॅक बाजूला हवी असते, आणि ती बाजूला घेतलीत तर पुढच्या घाण्याच्या मधे तो दोन वाक्यं बोलतो. आता माझ्या प्रत्येक पात्राच्या नावापुढे आधी त्याचं हातातलं काम लिहिलेलं असतं.

मग झिरो माइल. वालुकाश्माचा खांब, शेजारी चार घोडे, आणि १९०७ सालच्या सर्वेक्षणाची खूण असलेला दगड. समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट. नागपूर हे देशाचं केंद्र म्हणून लोक इथे फोटो काढतात. मला मात्र खांबावरच्या गावांनी धरून ठेवलं. हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल, छिंदवाडा ८३ मैल. आमच्या खेळाच्या नियमात पायी चालणारी पार्टी दिवसाला २४ मैल जाते. तिथेच कठड्याला टेकून हिशेब केला: छिंदवाडा साडेतीन दिवस, जबलपूर सात, हैदराबादला तेरा दिवस उलटून चौदाव्या सकाळी पोचणार. खेळाच्या नकाशावरची षटकोनी घरं मोजून हेच आकडे मी शंभर वेळा काढले असतील, पण त्या उकाड्यात, मानेवरून घाम ओघळत असताना "सात दिवस" हा शब्द जड वाटला. सात रात्रींचं जेवण कोण उचलणार, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर पडतो.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी तो लोकांना खुला होतो, तेव्हा बघायचाच असेल तर तारीख धरून या. आम्ही पायथ्याच्या टेकडी गणपतीला गेलो आणि खालूनच जागा समजून घेतली. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला इथे आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली. टेकड्या दोन, एक मोठी आणि एक धाकटी. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी धाकटी टेकडी घेतलीही होती, पण इंग्रजांच्या घोडदळानं हल्ला केला आणि डाव फिरला. लढाईचा नकाशा आखणाऱ्यांना माझं सांगणं आहे की एकच उंच जागा ठेवू नका. दोन ठेवा, एक थोडी बुटकी, आणि बुटकीवरून उंचीवर मारा पोचेल एवढीच लांब. मग खेळाडू आपणहून भांडायला लागतात, कुठली आधी घ्यायची म्हणून.

दुपारी भाऊ, वहिनी, त्यांची नऊ वर्षांची धाकटी आणि मी रामटेक तालुक्यातल्या त्यांच्या गावी निघालो. संध्याकाळी खांदेमळणी होती.

या एका तासासाठी मी परत नागपूरला जाईन. भाऊंचे वडील, ज्यांना सगळं गाव काकाजी म्हणतं, वाटीत हळद आणि तूप घेऊन बैलापाशी बसले. जू जिथे टेकतं तिथे बैलाच्या खांद्यावर केस उरलेले नव्हते. कातडी जाड, राखी, मधोमध एक घट्टा. काकाजींनी अंगठा त्या घट्ट्याच्या कडेनं फिरवला, एकदा, दोनदा, घाई न करता. पिवळं तूप कातडीच्या भेगांत शिरत गेलं. बैलानं डोळे अर्धे मिटले. मग काकाजी वाकले आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पुढचे दोन्ही बैल झाले तरी धाकटीच्या डोक्यात तेच घोळत होतं. "आबाजी, तो हो म्हणाला का?"

"कान हालवला ना त्यानं. मंग?"

दुसरा दिवस: नगरधन, रामटेक, आणि पोळा

गावातून नगरधन जवळ आहे. सकाळी लवकर निघालो, कारण दुपारी पुरणाच्या जेवणाला घरी परतणं भाग होतं. आज जो किल्ला दिसतो तो भोसल्यांच्या काळातला. पण नगरधन म्हणजे जुनं नंदिवर्धन, वाकाटकांची राजधानी. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथल्या राजघराण्यात आली. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर गेला, मुलं लहान, आणि तिनं राज्य चालवलं. इथल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे, ब्राह्मी लिपीतलं नाव आणि शंख. पंधरा-सोळाशे वर्षांपूर्वीचा मातीचा एक छोटा तुकडा.

तटावर उभी राहून मी त्या मुद्रेचा विचार करत होते. माझ्या खेळात खजिना म्हणजे सोन्याची नाणी आणि चमकणाऱ्या तलवारी. पण एका विधवा राणीची मुद्रा जर पार्टीच्या हाती लागली, तर? त्या मुद्रेनं दार उघडेल, सैन्य हलेल, आणि ती खरी आहे का हे विचारणारे दहा जण मागे लागतील. वजन काहीच नाही, आणि तिच्याइतकं धोकादायक ओझं दुसरं नाही.

किल्ल्याच्या आत जमिनीखाली देवीचं स्थान आहे. पायऱ्या उतरताना पहिल्या रकान्यासाठी वेगळं काही शोधावं लागलं नाही. तीन पायऱ्यांत उकाडा संपला, सहाव्या पायरीवर आपलाच आवाज जवळून ऐकू यायला लागला. खाली एक बाई झाडत होत्या. त्यांना माझ्याकडून हवं होतं ते म्हणजे ओल्या पायांनी झाडलेल्या भागावर येऊ नये. मी थांबले. झाडून झाल्यावर त्यांनी स्वतःच हळद-कुंकू लावलं.

रामटेकला ढग उतरले होते. गडावर जाताना एकामागून एक दरवाजे लागतात: वराह, सिंगपूर, भैरव, गोकुळ. प्रत्येक दरवाजाशी वाट वळते आणि पुढचं दिसेनासं होतं. तळघरांचे नकाशे काढणाऱ्या कुणीही ही चढण एकदा पायी चढावी. कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवर ढगाशी बोलला तो हाच, असं मानतात, आणि त्या दिवशी ढग खरोखर हाताच्या अंतरावर होता. त्याला काही सांगावं असं कुणालाही वाटलं असतं.

वराहाची मूर्ती मात्र मला अपेक्षेपेक्षा फार मोठी निघाली. एका दगडात कोरलेलं अवाढव्य रानडुक्कर, चार पायांवर उभं, लाल दगड हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेला. शेजारी उभ्या असलेल्या एका मावशींनी सांगितलं की याच्या पोटाखालून जायचं असतं, आणि ज्यानं पाप केलं असेल तो अडकतो. धाकटी सुळकन पलीकडे. वहिनी हसत हसत गेल्या. मग माझी पाळी.

दगड ओला होता. कोपरांना गार फरशी, पाठीला दगडाचं पोट, आणि मधे एक क्षण असा आला की सॅकचा पट्टा कशात तरी अडकला आणि मी पुढेही जाईना, मागेही. त्या क्षणी मी आयुष्यात केलेली दोन कामं मला लख्ख आठवली. ती इथे लिहीत नाही. बाहेर आले तेव्हा सगळे माझ्याकडेच बघत होते, आणि माझ्या लक्षात आलं की भीती दगडाची नव्हती. अडकलीस तर हे सगळे बघतील, ही भीती होती. माझ्या खेळात मी आजवर दारांना कुलुपं लावली, काटे लावले, विष लावलं. हे दार काहीच करत नाही. ते फक्त सगळ्यांसमोर वाट बघतं.

कपूर बावडीपर्यंत जाईस्तोवर पाऊस सुरू झाला, आणि असा सुरू झाला की खांबांमधून हिरव्या पाण्यावर पडणाऱ्या थेंबांपलीकडे काही दिसेना. इथेच माझं नुकसान झालं. वही सॅकच्या बाजूच्या कप्प्यात होती. जेल पेननं लिहिलेली पहिल्या दिवसाची चार पानं निळं पाणी होऊन गेली. पेन्सिलनं लिहिलेलं सगळं शाबूत राहिलं. तेव्हा पावसाळ्यात कुठेही जा, पेन्सिल घ्या, आणि वही दुधाच्या पिशवीत गुंडाळा.

पण त्या धुतलेल्या पानांनी एक देणगी दिली. परतताना गाडीत मी तिघांना विचारलं, वराहापाशी त्या मावशी नेमकं काय म्हणाल्या? भाऊ म्हणाले, पापी अडकतो असं म्हणाल्या. वहिनी म्हणाल्या, छे, खोटं बोलणारा अडकतो. धाकटी ठामपणे म्हणाली की जो अडकतो त्याला वराह उचलून पाताळात नेतो. तासाभरात एका वाक्याच्या तीन अफवा, आणि तिघंही स्वतः ऐकल्याची खात्री देत होते. पार्टीनं गावात चौकशी केली की मी आजवर एक खरी आणि एक खोटी बातमी ठेवायचे. आता एकच खरी घटना घेते आणि ती तीन माणसांच्या तोंडून तीन तऱ्हांनी सांगते. कुणीच खोटं बोलत नसतं.

दुपारी पुरणपोळी, कढी, वडे. पोळी पुण्याच्या पोळीच्या दुप्पट जाड, आतलं पुरण बाहेर येईल की काय असं वाटावं इतकं, आणि वाटीनं तूप. बैल आधी जेवले. आवतन दिलं होतं ना.

संध्याकाळी आखरावर, म्हणजे गावाची गुरं जमायच्या मोकळ्या जागी, पोळा भरला. आंब्याच्या पानांचं तोरण, खाली रांगेनं बैल, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. आणि मग झडत्या. एक जण पुढे येऊन यमकात चार-सहा ओळी फेकतो, कधी महादेवावर, कधी कापसाच्या भावावर, कधी समोरच्या आळीवर, आणि शेवटी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला" म्हटलं की सगळं आखर "हर हर महादेव" म्हणून गर्जतं. मग दुसरा उठतो आणि उत्तर देतो. साठीचे एक काका एका कॉलेजातल्या पोट्ट्याला झडतीमागून झडती ऐकवत होते, आणि पोट्टा हटत नव्हता. पाऊस थांबला होता. भिजलेली झूल, शेण, उदबत्ती, ओली पळसाची पानं, बैलांच्या अंगावरची हळद. भाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आला का वास?"

तोरण तुटलं आणि बैल घरोघर निघाले. बैल राखणाऱ्या गड्याला प्रत्येक दारी बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, मिळतो. घरी ओवाळणीच्या ताटात मीही टाकला.

झडतीचा नियम मी त्याच रात्री लिहून काढला. आमच्या खेळातला शाहीर मंत्र टाकतो तेव्हा खेळाडू फासा टाकून मोकळा होतो. यापुढे त्यानं तिथल्या तिथे यमक जुळवून दोन ओळी म्हणायच्या. टेबलावरच्या बाकीच्यांनी "हर हर महादेव" म्हणून साथ दिली तर फाशावर दोन जास्त. साथ मिळवावी लागेल, मागून मिळणार नाही.

तिसरा दिवस: मारबत आणि सावजी

पहाटे दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या, त्यांना इथे मेढे म्हणतात, मुलांनी उचलल्या आणि गावाच्या शिवेकडे पळत सुटली. "इडा पिडा, खासी खोकला, घेऊन जा गे मारबत!" आम्ही तसेच गाडीत बसून नागपूर गाठलं, कारण शहरातली मिरवणूक चुकवायची नव्हती.

मिरवणूक निघते त्या इतवारी भागाकडे गाडी नेण्याचा विचारही करू नका. लांब लावा आणि चालत या. पाण्याची बाटली, गळ्यात अडकवलेला मोबाईल, आणि मूल सोबत असेल तर त्याच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी. गर्दी म्हणजे काय हे मला गणपतीत कळलंय असं वाटत होतं. इथल्या गल्ल्या अरुंद आहेत आणि माणसं गच्च्यांवर, कठड्यांवर, दुकानांच्या पत्र्यांवर आहेत.

काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. बांबू आणि कागदाच्या अवाढव्य बाया. त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचे पुतळे. महागाई, रोगराई, भ्रष्टाचार. आरोळी एकच: घेऊन जा गे मारबत. काळी आणि पिवळी समोरासमोर येतात तेव्हा आवाज कानांनी ऐकू येत नाही, तो छातीत येतो. नंतर त्यांना जाळतात.

खरं सांगते, तिथे पोचेपर्यंत माझ्या डोक्यात काळ्या मारबतीचा राक्षस तयार होता. किती आयुष्य, किती मार, कशानं जळेल. मग माझ्या पुढ्यात एक आजी दिसल्या. हातात सहा-सात महिन्यांचं बाळ. पिवळी मारबत जवळ आली तशा त्या गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या, बाळाचं डोकं तिच्या पायाला टेकवलं, आणि परत येताना त्यांचे डोळे भरलेले होते. कुणीतरी विचारलं तर म्हणाल्या, "मागच्या साली मांगून घेतलं होतं." मी मनातल्या मनात तो राक्षस पुसून टाकला.

काळी मारबत म्हणजे भोसल्यांच्या घरातली बांकाबाई, इंग्रजांना मिळाली म्हणून, असं लोक सांगतात. एका बाईच्या नावानं इतक्या पिढ्या आरडाओरडा चालतो, यावर मी त्या गल्लीत बराच वेळ विचार केला. प्रवासातून खेळात काय न्यावं याबद्दल माझं मत तिथे पक्कं झालं. ज्या देवापुढे कुणी काल बाळाचं डोकं टेकवलं, त्याचं नाव आणि रूप टेबलावर मारामारीसाठी आणायचं नाही. न्यायची ती रीत. वर्षातून एकदा सगळं गाव आपल्या दुःखांची यादी मोठ्यानं म्हणतं आणि ती जाळतं, एवढं घेतलं. माझ्या खेळातल्या गावाची यादी वेगळी असेल, पुतळा वेगळा असेल. आणि त्या यादीत एका जिवंत माणसाचं नाव कुणी घुसवलं, तर पार्टी काय करेल, हा प्रश्न माझा.

संध्याकाळी महाल या जुन्या वस्तीतून परतताना भाऊंनी सांगितलं की गोंड राजा बख्त बुलंद शहानं १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून हे शहर वसवलं. माझी शहरं मी आधी तट काढून मग आत घरं भरायचे. बारा वाड्या आधी काढून त्या शिवायच्या, हे मला कधी सुचलं नव्हतं. शिवण कुठे उसवते ते बघायला मिळालं की शहरातली भांडणं आपोआप सापडतात.

पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मटण, हे इथे ठरलेलं. सावजी भोजनालयात गेलो. घराचीच पुढची खोली, पाच टेबलं, भिंतीवर देवांचे फोटो, आतून पाटा-वरवंट्याचा नव्हे, मिक्सरचा आवाज. रश्श्यावर तेलाचा काळपट लाल थर. जुनी माणसं जवसाचं तेल वापरायची. दगडफूल, खसखस आणि भाजलेल्या मसाल्याचा वास आधी येतो, तिखट मागाहून, आणि ते जिभेवर नाही, कानामागे लागतं. आत बसलेल्या मावशींना माझ्याकडून काय हवं होतं? मी किती खाणार ते आत्ताच सांगावं, कारण मटण मोजकं आहे आणि माणसं बाहेर उभी आहेत. शेजारच्या टेबलावर बसायला जागा नव्हती म्हणून एक अनोळखी कुटुंब आमच्याच टेबलावर बसलं, आणि भाकरीचा तुकडा मोडायच्या आत आम्हाला त्यांच्या जावयाच्या नोकरीची सगळी हकीकत कळली.

सहा वर्षांची ती सराई मी त्या टेबलावर मोडली. शेकोटी गेली, पेला पुसणारा मालक गेला. आता माझ्या खेळातल्या गावात घराची पुढची खोली आहे, मोजकं मटण आहे, आणि जागा नाही म्हणून शेजारी येऊन बसलेली माणसं आहेत. बातमी विकत घ्यावी लागत नाही, फक्त सरकून बसावं लागतं.

चौथा दिवस: जुनापाणीचे दगड आणि संध्याकाळचा डाव

काटोल रस्त्यानं शहराबाहेर दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी आहे. माळावर दगडांची वर्तुळं, शेकड्यांनी. महापाषाण काळातल्या माणसांनी आपल्या मेलेल्यांभोवती रचलेली. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात इथे खणलं होतं. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत, ओळीनं. पावसाचं पाणी त्यांत साचलं होतं आणि प्रत्येक खळग्यात आभाळाचा एक तुकडा. जवळच्या माहूरझरीला अशाच वर्तुळांत घोड्यांचे तांब्याचे दागिने सापडले आहेत. कुणीतरी आपल्या घोड्याला सजवून सोबत नेलं. काल परवाच शिंगांना बेगड लावलेले बैल बघून आले होते, त्यामुळे हे वाचून माहीत असलेलं आता निराळं कळलं.

बूट घालून जा, गवत कमरेपर्यंत असतं. सावली अजिबात नाही. दगडांवर बसू नका.

संध्याकाळी भाऊंच्या घरी डाव मांडला. भाऊ, वहिनी, शेजारचे एक शिक्षक, आणि हट्टानं धाकटी. वहिनी आणि सर पहिल्यांदाच खेळत होते. मी नियम दहा मिनिटांत सांगितले आणि सुरू केलं: माळावर दगडांचं वर्तुळ, आत कुणी पुरलेलं, आणि अमावस्येला त्या वर्तुळातून एक बैल उठतो. काळा, घराएवढा, खांद्यावर जुवाचा घट्टा. तीन गावांचं पीक त्यानं तुडवलंय.

सरांनी आपल्या शाहिराची झडती इतकी जोरात म्हटली की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला आले. वहिनींच्या पात्रानं विझलेल्या चुलीची राख हातात घेऊन तिचा वास घेतला आणि इथे कालपर्यंत कोण राहत होतं ते ओळखलं. मला ते सांगता आलं, कारण तो वास आता मला माहीत होता. भाऊंचा योद्धा परशू घेऊन सज्ज झाला. बैल समोर आला. मी फासे पुढे सरकवले आणि कोण आधी, असं विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली. "मी मारत नाही त्याले. मी त्याच्या जवळ जाते."

भाऊ काही बोलणार होते, वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"जवळ जाऊन काय करतेस?"

"त्याच्या खांद्याले तूप लावते. माझ्या झोळीत आहे. मंग कानात सांगते." ती खुर्चीवर गुडघ्यांवर उभी राहिली, टेबलावर वाकली, आणि खरंच हळू आवाजात म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पुस्तकात यासाठी कुठलाच नियम नाही. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. तिनं माझ्याकडे बघितलं.

"त्यानं कान हालवला का?"

मी वीस बाजूंचा फासा उचलून तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो दोन्ही हातांत घोळवला, फुंकर मारली आणि टाकला. टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळत जाऊन तो थांबला. सतरा.

"हालवला," मी म्हटलं.

"मंग उद्या वडे करा लागतीन," ती वहिनींना म्हणाली.